थाळीवरची माशी

मासा न खाता, न विकता आणि न पाळता सारं आयुष्य माशांच्या मागे घालवलेला माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरताना ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मध्यस्थाने सांगितलं ते एवढंच, की मुलीला वडील नाहीत, मामा-मामींनी वाढवली आहे, मामा अल्लीपूरचे, कपाशी-तुरीची शेती, फौजेतून परतलेले, शिस्तीचे, निर्व्यसनी, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कांद्याहून उग्र काही शिजत नाही. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मध्यस्थ लोक खोटं बोलत नाहीत, ते फक्त गोठ्यात काय टांगलंय ते दाखवत नाहीत.

पहिल्या दिवाळीला मी सिंदीहून नवा टेरिलीनचा शर्ट घालून, जावयाच्या ऐटीत अल्लीपूरला गेलो. फाटक ढकलून आत पाऊल टाकतो तर अंगणाच्या मध्यभागी मामेसासरे पाठमोरे उभे. हातात पाच-सहा हात लांबीची, टोकाकडे काडीसारखी बारीक होत गेलेली बांबूची छडी, आणि त्या छडीच्या टोकातून निघालेला एक पिवळट दोर त्यांच्या डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे वाहतोय. पलीकडे विहिरीच्या ओट्यावर मामी तांदूळ निवडत बसलेल्या, आणि त्यांच्या शेजारी पितळेची एक थाळी ओट्याला टेकवून उभी केलेली. दोर सरळ झाला, थाळीवर 'टिक्' असा आवाज झाला, आणि मामी तांदळावरची नजर न काढता म्हणाल्या, "लागली." दोर पुन्हा मागे आला, पुढे गेला, आवाज झाला नाही. मामी म्हणाल्या, "हुकली." मी बॅग घेऊन पुढे सरकलो तेव्हा माझ्या कानाला काहीतरी हळूच शिवून गेलं आणि मामेसासरे मागे न बघता म्हणाले, "जवाईबुवा, तथीच थांबजा. दोर मांगं येऊन राह्यला." सासुरवाडीला माझं झालेलं हे पहिलं स्वागत. माझ्या बायकोला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने लहानपणापासून रोज संध्याकाळी हेच पाहिलं होतं, आणि इतरांच्या घरीही मामा असंच करत असतील अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

फौजेत असताना त्यांची नेमणूक काश्मीरकडे होती. तिथल्या एका साहेबाला थंड पाण्याच्या ओढ्यांत मासे धरायचा नाद होता, तोही गळाला काही खायचं न लावता. पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, ती दोराच्या जोरावर पाण्यावर अशी टाकायची की माशाला खरा किडा उतरल्यासारखं वाटावं. साहेबाचं सामान वाहता वाहता मामेसासऱ्यांना ती विद्या लागली. साहेब बदलून गेला तेव्हा जुनी छडी आणि तिला जोडायची छोटी चरखी यांना देऊन गेला. ती दोन्ही घेऊन हा माणूस काश्मीरच्या बर्फाळ पाण्यावरून थेट आमच्या यशोदा नदीवर आला, जिथे उन्हाळ्यात म्हशीचे खूर भिजायची मारामार. गावातले ढीवर म्हणजे जाळी टाकणारे लोक, त्यांनी हा प्रकार पाहून काही दिवस तर धंदा थांबवला होता म्हणतात. त्यांच्यातला एक म्हातारा मामेसासऱ्यांना म्हणाला, "पाटील, माशी फेकून मासा धरता, तं गूळ फेकून हत्ती धरून पाहा बाप्पा." मामेसासरे त्यावर हसले नाहीत. ते एकूणच फार कमी हसत. त्यांनी म्हाताऱ्याला शेजारी बसवून घेतलं, अन् म्हणाले, "गांडूळ लावून बसनं म्हंजे माशाले जेवाले बोलावून मारनं. हे तसं नाई. मी फक्त भेटतो त्याले, अन् सोडतो."

भेटणं आणि सोडणं, दोन्ही अक्षरशः खरं होतं. आकड्याचं आतलं नख ते चिमट्याने दाबून टाकत, म्हणजे माशाच्या तोंडाला फार लागू नये. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा उंबराच्या मुळ्यांखाली दडून बसणारी एक जुनी, मांडीएवढी मरळ त्यांना लागली. हिच्या मागे ते दोन पावसाळे होते. पाण्यात गुडघे टेकून त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, तिच्या तोंडातली माशी काढली, आणि लग्नाला आलेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तसं तिला म्हणाले, "जाय. घरचे वाट पाहत असतीन." मग कितीतरी वेळ त्यांचे हात तसेच पाण्यात होते. माझी चप्पल गाळात राहिली होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

खरी गंमत अशी की मोकळी, सोयीची जागा त्यांना आवडतच नसे. मागे मोकळं रान आणि पुढे स्वच्छ पाणी दिसलं की ते तोंड फिरवून पुढे चालू लागत. "तथी कोनीही फेकीन," म्हणत. मागे दरड, डोक्यावर फांद्या, बाजूने बाभळीचे काटे, वरून आडवा वारा, अशी अडचणीची जागा सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. अशा प्रत्येक अडचणीसाठी त्यांची वेगळी फेक होती आणि साहेबाची इंग्रजी नावं विसरल्यामुळे त्यांनी सगळ्यांची वावरातली नावं ठेवली होती. फांद्या खाली झुकलेल्या असल्या तर छडी जमिनीलगत आडवी फिरवून दोर फांद्यांखालून सारायचा, ती 'विळा'. पाण्याची धार दोर ओढून नेते तिथे दोर पडता पडता मनगटाने त्याला वरच्या अंगाला बाक द्यायचा, तो 'कासरा'. काट्यांत हातभर जागा नसली तर माशी चिमटीत धरून छडी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची, ती 'गुलेल'. आणि मागे दरड असली, दोर मागे न्यायलाच जागा नसली, तर दोर पाण्यावरून हळूच ओढत स्वतःजवळ आणायचा आणि छडीच्या एका हिसक्याने त्याचा वेढा पाण्यावरून पुढे लोळवत न्यायचा, ती 'लोळण'. ही सगळ्यांत अवघड. ती अंगणात करता येत नाही, कारण दोराला पाण्याने धरून ठेवावं लागतं, कोरड्या जमिनीला ते जमत नाही. हे ते मला इतक्या गांभीर्याने सांगत की मी शाळेत मुलांना शिकवतानाही कधी तितका गंभीर झालो नाही.

घरात मात्र छडीला प्रवेश नव्हता. मामींचा नियम होता, माशाला लागलेली वस्तू उंबऱ्याच्या आत नाही. छडी गोठ्यात, बैलांच्या झुलींशेजारी. नदीवरून आल्यावर विहिरीवर आंघोळ, मग घरात. पण हा नियम करणाऱ्या मामीच रोज संध्याकाळी थाळी घेऊन बसत. दोर रेशमी होता, त्याला मऊ ठेवायला जवसाचं तेल लागे, आणि ते मामींच्या चटणीच्या बाटलीतून जाई. "चटनी कोरडी झाली तरी चालन, दोर कोरडा नाई झाला पाह्यजे या घरात," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तक्रार म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच जवस घाण्याला पाठवत. खोट्या माशा बांधायला लागणारा रेशमी धागा त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या काठांतला. अंगणातल्या सरावासाठी एक वेगळी माशी होती, बिनआकड्याची, कावळ्याच्या पिसाची. पिसाचा आवाज थाळीवर होईना, तेव्हा मामींनी तुटलेल्या पोतीतला एक काळा मणी काढून दिला, तो मामेसासऱ्यांनी माशीच्या पोटाशी बांधला. त्यानंतर 'टिक्' ऐकू येऊ लागलं. ही माशी कधी माशाला लागलेली नसल्यामुळे तिला घरात यायची मुभा होती. ती देव्हाऱ्याखालच्या डबीत कुंकवाच्या करंड्याशेजारी राहत असे.

या माशीमुळे एक घोटाळा मात्र कायमचा होऊन बसला. काळं पीस दोराला लावून हा माणूस ते रोज हवेत फिरवतोय हे कावळ्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं असावं, याने आपल्यातला एक मारून दोरीला बांधलाय. काही दिवस त्यांनी अंगणावर कालवा करकरून जीव नकोसा केला. एक-दोन वेळा मामेसासऱ्यांच्या डोक्यावर चोचीही मारल्या. शेवटी त्यांनी आमच्या सासुरवाडीवर बहिष्कार टाकला. गावभर कावळे, पण या अंगणात एक उतरत नसे. नदीवरही यांची छडी दिसली की उंबरावरचे कावळे उठून पलीकडच्या काठावर जात. पितृपक्षात मामींची पंचाईत होई. पितरांचा घास घेऊन त्या शेजारच्यांच्या टिनाच्या छपरावर ठेवायला जात आणि शेजारीण दरवर्षी विचारी, "काऊन वो, तुमचे पितर रुसले काय?" मामी म्हणत, "पितर नाई रुसले. यायच्या काडीले भेतेत." मामेसासरे ओसरीवर बसून हे ऐकत आणि खाली मान घालून नवी माशी बांधत राहत.

एका दिवाळीला आम्ही सगळे ओसरीवर बसलो असताना मामी सहज म्हणाल्या, "हे इतके वर्ष थाळीवर आयकून राह्यली मी. एक डाव मले पान्यावर पाह्यचं हाय. ते लोळन म्हनता ना तुमी, ते." मामेसासऱ्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे लाजरं समाधान दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतर एकदाच पाहिलं. ते म्हणाले, "येजो की. कापूस घरात येऊ दे." मग कापूस घरात आला तेव्हा तूर उभी होती. तूर निघाली तेव्हा नदी आटली होती. नंतर मामींचे गुडघे धरले. शिवाय नवऱ्याचा खेळ बघायला बाईमाणसाने नदीवर जायचं, लोक काय म्हणतील, हाही विचार दोघांच्या मनात असणारच, कारण माणसं त्या काळातली होती. दर दिवाळीला मामी विचारत आणि मामेसासरे म्हणत, "औंदा नक्की." एका हिवाळ्यात मामींना वर्ध्याला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्या नाहीत.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. उंबराखालचा तोच काठ, मागे दरड, पुढे पाणी, पाण्याच्या कडेला एक सपाट दगड, त्यावर विधी सांगणाऱ्या महाराजांनी पिंड ठेवलेला. पलीकडच्या बाभळीवर कावळे भरपूर होते, पण एकही उठेना. ऊन चढू लागलं. मामा-मामींचा मुलगा नागपूरहून आला होता, कचेरीत नोकरीला, मुंडन केल्यामुळे एकदम पोरका दिसत होता. त्याने हात जोडले, "आई, बाबांची काळजी करू नको, मी त्यांना घेऊन जातो." कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, बांगड्या भाचीला द्या म्हणा. तसं म्हणून झालं. कुणी म्हणालं, तुळशीचा ओटा अर्धा राहिलाय. तेही कबूल झालं. मग मामींची थोरली जाऊ पुढे झाली. त्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना मनातलं मनात ठेवता येत नसे. त्या म्हणाल्या, "कायले इकडचं तिकडचं बोलून राह्यले? जलमभर तिले त्या काडीचा जाच होता. भाऊजी, कबूल करा, काडी मोडतो म्हना. मंग पाहा कावळा येते का नाई."

सगळे मामेसासऱ्यांकडे बघू लागले. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, म्हणा ना." ते कावळ्यांकडे पाहत होते. म्हणाले, "ते मले भेतेत. तिचं काई नाई त्यात." बायको गेल्यावरही माणूस खापर कावळ्यांवर फोडतोय, असंच सगळ्यांना वाटलं असणार. कावळे यावेत म्हणून मामेसासरे दरडीमागे दूर जाऊन बसले, पण कावळ्यांना त्या जागेचीच अढी होती, ते काही आले नाहीत. अर्धा तास गेला. जाऊबाई म्हणाल्या, "पाह्यलं?" महाराजांनी सुस्कारा सोडला आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून पिंडाला शिववतात, हे मलाही माहीत होतं. पण त्याचा अर्थ त्या गावात काय होणार, हेही माहीत होतं. बाई नवऱ्यावर राग धरून गेली. हे त्यांच्या घराला चिकटलं असतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मनाला. मी दरडीमागे गेलो तर ते मला विचारायला लागले, "जवाईबुवा, खरंच जाच होता का हो तिले?" मी काही बोलायच्या आत तेच उठले आणि म्हणाले, "सायकल घेऊन जा. गोठ्यातली काडी आना. अन् देव्हाऱ्याखालची डबी."

मी परत आलो तेव्हा दर्भाचा कावळा तयार होऊन महाराजांच्या हातात होता. मामेसासऱ्यांनी छडी जोडली, डबीतली माशी दोराला बांधली आणि महाराजांपुढे धरली. "महाराज, दर्भाचा चालते, तं हा चालन का? पीस कावळ्याचंच हाय." महाराज म्हातारे होते, त्यांनी ती तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली. "अन् हा मनी?" "तिच्या पोतीतला. तिनंच देल्ला." महाराजांनी एकदा जाऊबाईंकडे पाहिलं. मग दर्भाचा कावळा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "दर्भापरीस जवळचा झाला मग. शिववा." मुलगा म्हणाला, "बाबा, हातानेच शिववा ना. लोक बघताहेत." मामेसासरे म्हणाले, "तिले पाह्यचं होतं. पान्यावर. मी उद्या उद्या करत राह्यलो. तिची इच्छा कोनती राह्यली ते मले माहीत हाय, तुम्हाले कोनाले नाई."

ते धोतर खोचून पाण्यात उतरले, गुडघाभर, आणि काठाकडे तोंड करून उभे राहिले. दगडावर उंबराची फांदी ओणवलेली होती, दोन्ही बाजूंना माणसं होती, वारा आडवा होता, आणि पाठीमागे उंच झुडपांचं बेट. एवढी अडचण त्यांनी आयुष्यात स्वतःहून शोधली असती की नाही कोण जाणे. शिवाय भाताचा पिंड, जरा जोर झाला की शितं उडायची. पहिल्यांदा दोर लोळत आला आणि दगडाच्या अलीकडे पाण्यातच विरला. दुसऱ्यांदा वाऱ्याने माशी फांदीच्या पानाला टेकली. त्यांनी दोर हळूच सोडवून घेतला. मग बराच वेळ ते नुसतेच उभे राहिले, वारा पडेपर्यंत. तिसऱ्यांदा त्यांनी दोर पाण्यावरून स्वतःजवळ ओढून आणला, छडी खांद्याशी नेली आणि पुढे हिसकली. दोराचा वेढा पाण्यावरून लोळत निघाला, फांदीखाली शिरला, उलगडला, आणि काळी माशी पिंडावर उतरली. एक शीतही हललं नाही.

महाराज म्हणाले, "शिवला. हात जोडा." सगळ्यांनी हात जोडले, जाऊबाईंनीही जोडले. पण मामेसासरे छडी खाली धरून, मान एका बाजूला कलती करून, तसेच पाण्यात उभे होते. कशाची तरी वाट पाहत होते. मुलगा त्यांना हात द्यायला पुढे झाला तरी हलेनात. मला काही कळेना. माझ्या बायकोला मात्र कळलं. ती काठावर खाली बघत बसली होती. तिने मान वर न करता, अगदी मामींच्या आवाजात म्हटलं, "लागली, मामा."

तेव्हा त्यांनी दोर गुंडाळायला घेतला. चेहऱ्यावर तेच होतं जे त्या दिवाळीला ओसरीवर दिसलं होतं. आम्ही दरड चढून वर आलो आणि मी मागे वळून पाहिलं तर दगडावर एक कावळा बसून सावकाश भात खात होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. त्यांचं काम त्याआधीच झालं होतं.

ते नागपूरला गेले नाहीत. मुलगा न्यायला आला की म्हणत, "तथी कोठी फेकू?" नंतर बरीच वर्षं अल्लीपूरला एकटेच राहिले. पितृपक्षात मामींच्या नावाचा घास घेऊन स्वतः शेजारच्या टिनाकडे जात आणि ठेवून लगबगीने लांब निघून जात, कावळ्याला संकोच नको म्हणून. संध्याकाळचा सरावही सुटला नाही. आम्ही गेलो की बायको ओट्यावर तांदूळ घेऊन बसे आणि काय ते सांगे. एकदा निघताना मी सहज विचारलं, "मामाजी, आम्ही नसताना कोण सांगतं, लागली का हुकली?" ते थाळी मामींच्या जुन्या पदराच्या तुकड्याने पुसत होते. म्हणाले, "आयकू येते." आणि थाळी पुन्हा ओट्याला टेकवून, सहा-सात पावलं मागे जाऊन, उभे राहिले.